विसाव्या सेकंदानंतर

रेकॉर्डिंग सुरू करायला सगळ्यांना येतं. बंद करायला कुणालाही येत नाही. अठरा वर्षं मी या धंद्यात आहे, आणि माणसाच्या अकलेबद्दल माझं जे काही मत झालंय ते एवढ्या एका गोष्टीवरून झालंय.

फाइल एक्स्पोर्ट करताना शेवटची खूण ओढून, बोलणं जिथं संपतं तिथं आणून ठेवायची असते. एका बोटाचं काम. ते होत नाही. चुकून पडलेला एखादा रिकामा तुकडा पार लांब, चौथ्या मिनिटाला लोळत असतो, आणि सॉफ्टवेअर आज्ञाधारक, ते तिथपर्यंतची फाइल करून देतं. म्हणजे चाळीस सेकंदांचं बोलणं आणि पुढं साडेतीन मिनिटं काही नाही. ऐकणाऱ्याला वाटतं आपला मोबाइल बिघडला. मग तक्रार येते, आणि ती माझ्या टेबलावर येते. पूर्वी मी बोलकी पुस्तकं करायचे तेव्हा प्रत्येक प्रकरणाच्या मागची अशी शेपटी कापावी लागायची. आता इस्पितळांच्या संमतीफाइल्स करते. माणसं बदलली, शेपट्या त्याच.

आमच्या कंपनीचं नाव 'नादनिर्मळ'. ऑफिस साताऱ्यात, एका मिठाईच्या दुकानाच्या वर. मालक सौमित्र. वय एकतीस, खुर्चीऐवजी मोठ्या रबरी चेंडूवर बसतो आणि बोलताना वरखाली होतो. "वैजयंतामॅम, शेवटची शांतता म्हणजे जागा अडवणारा कचरा," हे त्यानं मला इतक्या वेळा ऐकवलंय की जणू त्याला त्याबद्दल पेटंट मिळालंय. मी त्याला काही बोलत नाही. वरखाली होणाऱ्या माणसाशी वाद घालायला मान फार हलवावी लागते.

संमतीफाइल हा प्रकार दहाबारा वर्षांपूर्वी नव्हता. माणूस कागदावर सही करायचा, आणि सही त्यानं केली की त्याच्या मुलानं हात धरून करून घेतली, हे देवच जाणे. मग दम्याच्या पंपावर काम करणाऱ्या दोन संशोधक बायकांना एक गोष्ट सापडली. बोलणं म्हणजे बाहेर जाणारा श्वास खर्च करणं. वाक्य सुरू व्हायच्या आधीच मेंदू हिशेब करून ठेवतो की एवढ्या शब्दांना एवढी हवा लागेल. वाक्य संपलं की उरलेली हवा सोडून दिली जाते. वाक्य तुमचं स्वतःचं असेल तर ती एका उतारानं, सलग बाहेर पडते आणि पुढचा श्वास खोल येतो. पण वाक्य दुसऱ्यानं तुमच्या तोंडी घातलेलं असेल, तर घसा पूर्ण सैल पडत नाही. आत आणखी एक वाक्य अडकलेलं असतं, जे तुम्ही बोललेला नाहीत, आणि शरीर त्याच्यासाठी हवा राखून ठेवतं. श्वास पायऱ्यापायऱ्यांनी, अडखळत बाहेर येतो. आपल्या कानाला हे ऐकू येत नाही. नव्या माइकना येतं. श्वासावर उमटणारे हृदयाचे ठोकेसुद्धा त्यांना ऐकू येतात.

याला श्वासछाप म्हणतात. बोलल्यानंतरचे वीस सेकंद पुरतात. कायदाच झाला की मोठ्या उपचाराआधी रुग्णानं ठरलेला मजकूर मोठ्यानं म्हणायचा, मग वीस सेकंद गप्प बसायचं. नातेवाइकांना त्या खोलीत बंदी. सोबत म्हणून बाहेरचं एक माणूस चालतं. छाप हिरवी आली की स्वखुशी, लाल आली की दबाव. लाल छापेवर कुणी चाकू लावत नाही. तेव्हापासून डॉक्टर मंडळींनी रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघणं जवळजवळ सोडून दिलंय. दिव्याकडे बघतात.

म्हणजे गंमत बघा. सगळं जग ज्या शेपटीला कचरा म्हणत होतं, तिच्या पहिल्या वीस सेकंदांना एकदम कोर्टात मान मिळाला. मात्र विसाव्या सेकंदानंतरचं जे काही असेल ते पुन्हा कचराच. शेवटचा शब्द कुठं संपला ते यंत्र शोधतं, पुढचे वीस सेकंद मोजतं आणि कापतं. कापलेला भाग 'उरलेलं' नावाच्या फोल्डरमध्ये सात दिवस पडून राहतो आणि मग पुसला जातो. तो ऐकायचा नाही असा नियम आहे.

मी रोज ऐकते. डबा खाताना.

काय सांगू, असली करमणूक दुसरी नाही. नोंद घेणाऱ्या बाई मजकूर म्हणवून घेतात आणि खोलीबाहेर जातात. नियमच तसा आहे, शांततेत इस्पितळाचं माणूस समोर नको. मग त्या चहाला जातात, आणि परत येऊन रेकॉर्डर बंद करेपर्यंत चार मिनिटं झालेली असतात. तोवर आतल्या माणसाला वाटतं, झालं. खोलीतला एसी श्वास नीट टिपला जावा म्हणून बंद ठेवलेला असतो, तो वीस सेकंदांनी आपोआप सुरू होतो. घरघर ऐकली की लोक समजतात की यंत्र बंद पडलं. मग तोंडं सुटतात. भावाला मूत्रपिंड द्यायला निघालेला एक थोर पुरुष फोनवर आपल्या मोठेपणाचं वर्णन कसं करायचं याची रंगीत तालीम करत होता. एका बाईनं जावेला चार मिनिटं शिव्या दिल्या, एकही शिवी दोनदा न वापरता. एक निवृत्त प्राचार्य गात होते. वाईट. मी पोळीचा घास घेत ऐकायची आणि मनात म्हणायची, काय एकेक नग आहेत.

स्वतःबद्दलही सांगून टाकते. मी सत्तेचाळीस वर्षांची, घटस्फोटित. नवऱ्याची तक्रार होती की मी त्याला वाक्य पूर्ण करू देत नाही. ही तक्रार काय असणार हे त्यानं वाक्य पूर्ण करायच्या आधीच मी ओळखलं होतं. लोक अडतात, शब्द शोधतात, 'म्हणजे' म्हणतात, छताकडे बघतात. मला ते सहन होत नाही. पुढचा शब्द मी देऊन टाकते. बहुतेकदा बरोबर असतो.

राहिले अण्णा. माझे वडील, हणमंतराव पिसाळ, वय शहात्तर, राहणार कराड, एकटे. एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवर गाड्यांची घोषणा करायचे. पुढं यंत्र घोषणा करायला लागलं तरी कराडची माणसं यंत्रावर विश्वास ठेवायची नाहीत, खिडकीशी येऊन विचारायची, "पिसाळसाहेब, चिपळूण लागली का?" निवृत्तीनंतर त्यांचं काम एकच. शेजारी बाळकृष्ण खोत म्हणून त्यांचे मित्र आहेत, साखरेनं दृष्टी गेलेली. रोज सकाळी अण्णा त्यांना पेपर वाचून दाखवतात. पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत, मध्ये स्वतःची मतं घालून. दोन तास चालतं. खोतकाकांच्या घरी पेपर वाचून दाखवणारं यंत्र आहे. ते कपाटावर आहे, त्यावर लोणच्याची बरणी ठेवलेली असते.

दिवाळीनंतर अण्णांचा आवाज घोगरा झाला. तपासलं. स्वरयंत्राचा कॅन्सर. डॉक्टर यास्मिन मुजावर यांनी दोन वाटा सांगितल्या. ऑपरेशन करून स्वरयंत्रच काढून टाकायचं. मग गळ्याला भोक, श्वास तिथून, आवाज कायमचा गेला, पण शंभरातले सत्तर जण बरे होतात. किंवा नुसती किरणं. आवाज थोडाबहुत राहील, पण बरे होणारे पन्नासाच्या आसपास.

"यात विचार करण्यासारखं काय आहे?" मी म्हणाले. "ऑपरेशन."

अण्णा म्हणाले, "म्हंजे..."

"म्हणजे काही नाही. सत्तर आणि पन्नास. आवाजाची सोय मी करते."

आणि मी केली. अण्णांच्या जुन्या घोषणांच्या टेप मिळवल्या, फोनवरची संभाषणं काढली, आणि त्यांचा हुबेहूब आवाज तयार करून एका छोट्या डबीत घातला. पडद्यावर टाइप करायचं, डबी बोलते. मी पंधरा दिवस राबून त्यातला खोकला काढला, घोगरेपणा काढला, अण्णा वाक्यावाक्याला घसा खाकरतात ते काढलं, आणि ते जिथं उगाच थांबतात त्या जागा काढल्या. असा स्वच्छ आवाज अण्णांना उभ्या आयुष्यात नव्हता. कराडला जाऊन मी डबी टेबलावर ठेवली आणि चालू केली. डबी म्हणाली, "नमस्कार. मी हणमंतराव पिसाळ."

खोतकाका दचकले आणि डबीच्या दिशेनं हात जोडले.

अण्णांनी डबीकडे बराच वेळ बघितलं. "हा चांगला बोलतो की," ते म्हणाले. "मग ऑपरेशन करायचं का ते ह्यालाच इचार."

"चेष्टा नको. शुक्रवारची तारीख घेतलीय," मी म्हणाले.

"बरं," अण्णा म्हणाले.

एवढंच. बरं. मी खूश झाले. म्हातारा समजूतदार आहे, इतरांच्या बापांसारखा हट्टी नाही, असं मनात म्हणत मी साताऱ्याला परत आले.

संमतीची नोंद सोमवारी झाली. मला आत जायला बंदी, म्हणून सोबत खोतकाका गेले. तासाभरात निकाल आला. हिरवा, एकदम स्वच्छ हिरवा. बुधवारी अण्णांना साताऱ्याच्या इस्पितळात दाखल केलं. खोतकाकांनी सोबत राहायचा हट्ट धरला. दिसत नाही तो माणूस रुग्णाची काय सेवा करणार, मी विचारलं. "रातीला त्याला घोरताना ऐकतो. घोरायचं थांबलं तर बेल मारीन," ते म्हणाले. यावर मी कपाळाला हात लावला.

गुरुवारी दुपारी मी डबा उघडला, मेथीची भाजी होती, आणि 'उरलेलं' फोल्डर उघडलं. फाइलींना नावं नसतात, नंबर असतात. एक फाइल संपली, दुसरी सुरू झाली. एसीची घरघर आणि तिच्याखाली दोन माणसं हळू बोलताहेत. घरघर काढून टाकायला मला अर्धं मिनिट लागलं.

"बंद झालं का रं?" असा आवाज आला.

आवाज ओळखायला मला तेवढाही वेळ लागला नाही.

"झालं आसंल," खोतकाका म्हणाले. "पंखा चालू झाला बघ. संपलं."

मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मी पट्टी पुढं सरकवायला बोट उचललं, सवयीनं, आणि पहिल्यांदाच थांबले.

"हणमा, तुला करायचं न्हाई त्ये," खोतकाका म्हणाले.

"न्हाई."

"मग हो कशापायी म्हणलास?"

"पोरीसाठी. तिचं एवढंच म्हणनं हाय की बाप जगावा. त्यात वाईट काय? मग म्हणलं, होऊ दे तिच्या मनासारखं. मनापासून म्हणलं बग, खोटं न्हाई."

"आन् तुझ्या मनासारखं?"

"मला किरनं घ्यायची हुती. जेवढं दिवस मिळतील तेवढं बोलून घेतलं असतं. बाळ्या, गळ्याला भोक पाडून त्या डबीला बोलायला लावायचं आन् आपन बघत बसायचं, हे मला नको वाटतं. मी हाय त्यो हा आवाज हाय. बाकी हातपाय तर समद्यांनाच असत्यात."

"मग सांग की तिला."

अण्णा हसले. हसताना खोकले. "तिला कोन सांगनार? ती दिसभर कानाला यंत्र लावून लोकांचं ऐकती, आन् घरी येताना कान तिथंच काढून ठिवून येती. मी 'म्हंजे' म्हणलं की फुडचं तीच सांगती. माझं फुडचं वाक्य काय हुतं, हे तिनं इतक्या दिसांत एकदाबी इचारलं न्हाई. जाऊ दे. तू तिला काय बोलू नगंस. लई राबली हाय ती त्या डबीपायी."

मग दार उघडल्याचा आवाज, बाईंच्या चपला, आणि फाइल संपली.

मी भाजीकडे बघत बसले. सांगायला लाज वाटते, पण पहिला विचार जो आला तो हा, की कुणालाही काही कळलेलं नाही. सात दिवसांनी हे पुसलं जाईल. उद्या सकाळी ऑपरेशन. छाप हिरवी आहे, आणि यंत्र चुकलेलंही नाही. 'हो' त्यांचंच होतं. फक्त कारण माझं होतं, आणि कारण कुणाचं हे श्वासात उमटत नाही. बाप जगेल. मी पुढं पंधरा वर्षं त्यांना 'बघा, सांगत होते ना' म्हणू शकेन, आणि ते उत्तरही देऊ शकणार नाहीत. मी पुढची फाइल लावायची कळ दाबायला बोट नेलंसुद्धा. इतकी वर्षं डबा खाताना ज्यांना मी नग म्हणत आले, त्या सगळ्यांत पहिल्या नंबरचा नग इथं खुर्चीत बसून मेथी खात होता.

चेंडूवरून सौमित्रनं विचारलं, "मॅम, काही प्रॉब्लेम?"

"उरलेलं ऐकत होते," मी म्हणाले.

तो वरखाली व्हायचा थांबला. "ते ऐकायचं नसतं. हे गंभीर आहे. मला तुमच्यावर ॲक्शन..."

"घ्या," मी म्हणाले आणि पर्स उचलली.

वॉर्डात अण्णा पलंगावर बसून खोतकाकांना पेपर वाचून दाखवत होते. उसाच्या बातमीवर त्यांचं काहीतरी मत चाललं होतं. मी म्हणाले, "अण्णा, मी सोमवारचं ऐकलं. बाई परत येईपर्यंतचं सगळं."

खोतकाकांनी मान खाली घातली. अण्णांनी पेपराची घडी घातली, नीट, कडेला कड जुळवून. मग ते इतक्या जोरात बोलले की पलीकडच्या पलंगावरचा माणूस उठून बसला.

"चोरून ऐकतीस? बापाचं? लाज न्हाई वाटली?"

"वाटली. ऑपरेशन रद्द करू. मी आत्ता डॉक्टरांना सांगते, किरणं घेऊ, उद्याची तारीख..."

"हितं बस," अण्णा म्हणाले.

मी बसले.

"माझं 'हो' तू ठरवलंस. आता माझं 'न्हाई'बी तूच ठरवनार. मग मी हितं कशाला हाय? खोतानं घोरनं ऐकावं म्हणून?"

 मला तीनचार उत्तरं सुचली, सगळी बरोबर होती. एकही बोलण्याच्या लायकीची नव्हती. शेवटी मी म्हणाले, "तुम्हाला काय हवंय, अण्णा?"

आणि गप्प बसले. हे मी आयुष्यात पहिल्यांदा केलं, आणि सांगते, फार वाईट काम आहे. अण्णांनी खिडकीकडे बघितलं. घसा खाकरला. 'म्हंजे' म्हणाले, आणि थांबले. माझ्या जिभेवर पुढचा शब्द तयार होता. मी तो गिळला. नर्स येऊन थर्मामीटर लावून गेली. पलीकडच्या माणसानं संत्रं सोललं आणि खाऊन संपवलं.

"मला इचार करू दे," अण्णा म्हणाले.

"केव्हापर्यंत?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच म्हणाले, "बरं. करा."

खाली काउंटरवर मी उद्याचं ऑपरेशन पुढं ढकलायला सांगितलं. तिथल्या बाईंनी पडद्यावर बोट ठेवून कारण विचारलं.

"रुग्ण विचार करतोय," मी म्हणाले.

"तसा पर्याय नाही. 'संमती' आहे, 'नकार' आहे, 'ताप' आहे."

"मग ताप टाका. माझा."

अण्णांनी पाच दिवस विचार केला. कराडला परत गेले, रोज पेपर वाचला, मला एकदाही फोन केला नाही. मलाही सौमित्रनं तोवर घरी बसवलं होतं, चौकशी पूर्ण होईपर्यंत. कान रिकामे असले की डोक्यात किती नको ते ऐकू येतं, हे मला तेव्हा समजलं. सत्तर, पन्नास, सत्तर, पन्नास, असं दिवसभर चालायचं. सहाव्या दिवशी त्यांचा फोन आला. "उद्या सातारला येतोय. किरनांची संमती द्यायची हाय. खोत बरोबर हाय. तू बाहेर बसायचं."

मी बाहेर बसले. तासाभरानं आम्हाला सगळ्यांना डॉक्टर मुजावरांच्या खोलीत बोलावलं. नोंद घेणाऱ्या सुलभाबाई हातात निकालाचा पडदा घेऊन उभ्या होत्या, चेहरा पाडून.

"लाल आलंय," त्या म्हणाल्या. "दबाव. असं असलं तर किरणं सुरू करता येत नाहीत. आठ दिवसांनी परत नोंद घ्यावी लागेल."

म्हणजे हे यंत्र. पोरीचं मन राखायला म्हातारा स्वतःचा गळा कापून घ्यायला निघाला तेव्हा याला हिरवागार आनंद दिसला. आणि आज, सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तो पोरीच्या विरुद्ध गेला, त्याची छाती धडधडली, श्वास अडखळला, तर यंत्राला वाटलं कुणीतरी जबरदस्ती करतंय. असल्या दिव्यावर सगळं राज्य चाललंय. मी हसले असते, पण आठ दिवस गाठ वाढत राहणार होती.

डॉक्टरांनी अण्णांना विचारलं, "हणमंतराव, कुणाचा दबाव आहे का तुमच्यावर?"

"हाय की." अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "हिचा. जल्मापासनं. पन आज तिनं तोंड उघडलं न्हाई. मी भ्यालोय, डॉक्टरीनबाई. पन्नास म्हंजे निम्मं. भ्यायला नको व्हय? म्हणून श्वास अडकला आसंल."

"नियमात काय आहे दुसरं?" मी विचारलं.

डॉक्टर मुजावर जराशा अवघडल्या. "एक कलम आहे. डॉक्टरनं स्वतः समोर बसून विचारायचं, आणि हातानं लिहून द्यायचं की माझी खात्री पटली. मग छाप लागत नाही. पण जबाबदारी सगळी डॉक्टरची. कुणी वापरत नाही."

"तुम्ही कधी वापरलंय?"

"नाही," त्या म्हणाल्या. निदान खोटं बोलल्या नाहीत. मग त्यांनी पडदा बाजूला सारला, चष्मा काढला, खुर्ची पुढं ओढून अण्णांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसल्या. टेबलाच्या खणातून कागद काढला. पेन मिळेना. सुलभाबाईंनी कुठूनतरी आणून दिलं.

"सांगा," डॉक्टर म्हणाल्या. "सावकाश सांगा. मला घाई नाही."

अण्णा बोलायला लागले. अडखळत, खाकरत, मध्येच खोतकाकांना 'आं?' विचारत. ऑपरेशन का नको ते सांगितलं, किरणांनी काय होईल आणि काय होणार नाही ते सांगितलं. आकडे बरोबर सांगितले. मग आई गेली त्या वर्षाचं काहीतरी सांगायला लागले, जे मला माहीत नव्हतं, आणि एका वाक्याच्या मध्ये थांबले. डॉक्टरांनी पेन वर धरून ठेवलं.

मला त्या क्षणी काय वाटत होतं ते स्पष्टच सांगते. मला वाटत होतं, उठावं, या म्हाताऱ्याचा दंड धरावा आणि फरफटत ऑपरेशनच्या टेबलावर नेऊन झोपवावं. तो मुका झाला तरी चालेल, मला त्याचा आवाज नको, मला तो हवाय. निम्म्या वाटेवर त्याला सोडून द्यायला मी तयार नव्हते, अजूनही नाही. अण्णा पुढचा शब्द शोधत होते. मी पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि त्यांना तो सापडेपर्यंत बसून राहिले.